अमेरिकेत वाढणारा फुटबॉलपटू आणि युरोप: सोळा ते अठरा या दोन वर्षांचं काय करायचं?

डावापाय (धागाकर्ता)

‘मुलाला युरोपात कधी पाठवावं?’ हा प्रश्न सॉकरच्या प्रत्येक धाग्यावर निघतो, आणि तिसऱ्या प्रतिसादात मेस्सी आला की गाडी भलतीकडे जाते. म्हणून हा वेगळा धागा. अमेरिकेत घडणाऱ्या, खरोखर वरच्या पातळीच्या खेळाडूला युरोपात व्यावसायिक व्हायचं असेल तर नियम काय आहेत, टप्पे कोणते, घोडं कुठे अडतं, एवढंच इथे बोलू. मुलांचं कौतुक दुसरीकडे.

आधी नियम. फिफाच्या बदली नियमावलीचं कलम १९ सांगतं की १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी होत नाही. पालकांची संमती असो, क्लबचं पत्र असो, त्याने काही फरक पडत नाही. अपवाद मोजके आहेत. अमेरिकेतल्या मुलाच्या कामाचे तीन:

१) १६ ते १८ वयात युरोपियन युनियनच्या आत होणारी बदली. मूळ नियम बदली ‘युनियनच्या हद्दीत’ झाली पाहिजे असा आहे. पण अर्जेंटिनाचा वालेंतिन वादा इटालियन पासपोर्टवर फ्रान्सच्या बोर्दो क्लबकडे गेला, ते प्रकरण क्रीडा लवादात पोचलं आणि तिथून युनियनचा पासपोर्ट असलेल्या बाहेरच्या मुलांनाही ही वाट खुली झाली.
२) आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर.
३) घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर. हा अपवाद मेक्सिकोच्या सीमेलगतच्या सॅन डिएगो आणि एल पासोवाल्यांच्या कामाचा, युरोपसाठी शून्य.

फरक किती पडतो ते दोन नावांत दिसतं. क्रिस्टियन पुलिसिक पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा. आजोबांमुळे क्रोएशियन पासपोर्ट होता, म्हणून २०१५ च्या सुरुवातीला, सोळाव्या वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबात गेला आणि ३० जानेवारी २०१६ ला बुंडेसलिगात (जर्मनीची सगळ्यात वरची लीग) उतरला. जॉश सार्जंट मिसूरीचा, पासपोर्ट फक्त अमेरिकन. जर्मनीच्याच ब्रेमेन क्लबशी बोलणी २०१७ मध्येच झाली होती, पण करार फेब्रुवारी २०१८ मध्ये अठरा पूर्ण झाल्यावर. पहिला बुंडेसलिगा सामना डिसेंबर २०१८ मध्ये (पहिल्याच स्पर्शाला गोल, ते सोडा). दोघांत गुणवत्तेचा फरक होताच, पण सुरुवातीच्या त्या दोन वर्षांचा फरक निव्वळ कागदाचा होता.

---

साष्टीकर

पासपोर्टचा विषय निघालाय तर गोंयकारांसाठी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्या माणसाच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मुलाचे आजोबा मडगावात जन्मलेले असतील तर हा कागद त्याच्या फुटबॉलसाठी दोन वर्षांच्या मोलाचा आहे.

पण यात साखळी असते. आधी आजोबांचा जन्म आणि लग्न लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढवायचं, मग आई किंवा वडील, मग मूल. अडतं ते नावांच्या स्पेलिंगवर. पोर्तुगीज दप्तरात कामत ‘कामोतिं’ असतो, शाळेच्या दाखल्यावर ‘कामत’ आणि अमेरिकन पासपोर्टवर तिसरंच काही. तिन्ही एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यात महिनेच्या महिने जातात. म्हणून मूल १५ चं झाल्यावर सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. बारा-तेराव्या वर्षीच फाईल उघडा.

सगळ्यात मोठी मेख मधल्या पिढीत आहे. आई किंवा वडील अजून भारतीय पासपोर्टवर असतील तर पोर्तुगीज नोंद झाली की भारतीय नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलाच्या उजव्या विंगसाठी बापाचा पासपोर्ट पणाला लावायचा का, हे आधी घरात बसून ठरवा. वकील फी घेऊन सांगेल ते वेगळं.

---

फ्रिस्कोकर

@डावापाय, दुसऱ्या अपवादावर लोक फार भाबडेपणाने विसंबतात. ‘आम्ही आयटीत आहोत, म्युनिकला बदली मागून घेऊ.’ कंपनीने खरोखर बदली केली असेल तर उत्तम. पण फिफाची समिती तारखांचा क्रम बघते. क्लबने मुलाला पहिल्यांदा कधी बघितलं, नोकरीचा करार कधी झाला, घरभाडं कधीपासून, शाळेत नाव कधी घातलं. ट्रायल मार्चमध्ये आणि नोकरीचं पत्र मेमध्ये असेल तर अर्ज गेलाच म्हणून समजा.

बार्सिलोनाचं उदाहरण आहेच. अल्पवयीनांच्या नोंदणीवरून २०१४ मध्ये फिफाने त्यांच्यावर बंदी घातली, आणि लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला बेन लेडरमन हा ला मासियातला (बार्सिलोनाची अकॅडमी) अमेरिकन मुलगा सामन्यांविना बसून राहिला. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला सरावात ठेवलं आणि सामना दिला नाही तर त्याचं काय होतं हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा.

---

कोकणी_मेवा

भारतात जन्मलेल्या, एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेला व्हिसा) आलेल्या मुलांना इथल्या अकॅडमीतच कागद मागतात, त्याचं कारण हेच का?

---

फ्रिस्कोकर

होय. कलम १९ फक्त बदलीला नाही, परदेशी नागरिकाच्या पहिल्या नोंदणीलाही लागतं, वय वर्षं १० पासून. म्हणजे पुण्याहून बाराव्या वर्षी आलेल्या मुलाला अमेरिकेतल्या क्लबात नोंदवतानाही परवानगी लागते. जन्मदाखला, मुलाचा आणि आईवडिलांचा पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, राहत्या घराचा पुरावा. सलग पाच वर्षं इथे राहिला असेल तर वाट सोपी होते. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर अर्ज केला की पहिले काही सामने बाकावरून बघावे लागतात. ट्रायआउट झाल्या झाल्या क्लबच्या रजिस्ट्रारकडे कागद द्या.

---

डावापाय

आता मूळ मुद्दा. माझं मत स्पष्ट आहे: युनियनचा पासपोर्ट नसेल तर सोळा ते अठरा ही वर्षं अमेरिकेतच, आणि मोठ्या माणसांविरुद्ध खेळून काढावीत. स्पेनमधल्या ‘रेसिडेन्सी अकॅडमी’त फी भरून ठेवणं म्हणजे पैशांची आणि त्याहून जास्त वेळेची नासाडी. नियमात न बसणाऱ्या मुलाला तिथे अधिकृत सामनेच मिळत नाहीत. सराव, मैत्रीपूर्ण सामने आणि इन्स्टाग्राम, बस.

त्यापेक्षा एमएलएस नेक्स्ट प्रो, म्हणजे एमएलएसच्या (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) खालची लीग. २०२२ पासून ही लीग आहे आणि बहुतेक एमएलएस क्लबांचे दुसरे संघ तिथे खेळतात. अकॅडमीतला सतरा वर्षांचा मुलगा तिथे अमॅच्युअर म्हणून उतरू शकतो, म्हणजे कॉलेजचा दरवाजा उघडा राहतो. समोर बावीस-पंचवीस वर्षांचे लोक, ज्यांचं घरभाडं त्या सामन्यावर अवलंबून आहे. ब्रेंडन ॲरनसन फिलाडेल्फियाच्या दुसऱ्या संघातून वर येऊन जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्गला गेला. टायलर ॲडम्स न्यूयॉर्क रेड बुल्सच्या दुसऱ्या संघातून पहिल्या संघात आणि जानेवारी २०१९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला. जो स्कॅलीचा जर्मनीच्या मंशेनग्लाडबाखशी करार आधीच ठरला होता, २०२० च्या शेवटच्या दिवशी अठरा पूर्ण झाले आणि तो निघाला. तोवर न्यूयॉर्क सिटीतच होता.

फिलाडेल्फियाचा कॅव्हन सलिव्हन चौदाव्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये एमएलएसमध्ये उतरला आणि मँचेस्टर सिटीशी पुढचं ठरलेलं असूनही वाढतोय घरीच. (आजीकडून बांगलादेशी रक्त आहे त्याच्यात. उपखंडवाल्यांनी एवढ्यावर समाधान मानावं.)

---

रेघेवरचा

@डावापाय, अर्धं मान्य. पण वेस्टन मॅकेनीचं काय? एफसी डॅलसचा करार नाकारला आणि १८ होताच २०१६ मध्ये जर्मनीतलं शाल्के गाठलं. पहिल्या संघाचा एकही एमएलएस सामना नाही. पुढे युव्हेंटस. म्हणजे ‘आधी इथे सिद्ध व्हा’ हाच एक मार्ग नाही.

---

डावापाय

मार्ग आहेच, पण मॅकेनीचं लहानपण जर्मनीत अमेरिकी हवाई दलाच्या तळाजवळ गेलं होतं. भाषा कानावरची, थंडी माहितीची. ॲरिझोनातून थेट शाल्केच्या गावी, गेल्झेनकिर्शेनला पडणाऱ्या मुलाला तो आधार नसतो. शिवाय तेव्हा अमेरिकन मूल युरोपियन क्लबला जवळपास फुकट पडत होतं. आता तसं नाही. त्यावर @हिशेबनीस लिहितील.

---

हिशेबनीस

लिहितो. हे न कळल्यामुळे बरेच सौदे शेवटच्या आठवड्यात फिसकटतात.

खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून नोंदला गेला की त्याला १२ व्या वर्षापासून घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई द्यावी लागते. एमएलएसने २०१९ मध्ये जाहीर केलं की यापुढे आपण ही मागणार. रक्कम जुन्या क्लबच्या खर्चावर नाही, नव्या क्लबच्या श्रेणीवर ठरते. युरोपात दर मोसमाला पहिली श्रेणी ९०,००० युरो, दुसरी ६०,०००, तिसरी ३०,०००, चौथी १०,०००. बारा ते पंधरा या मोसमांना चौथ्या श्रेणीचाच दर.

म्हणजे एकाच अकॅडमीत १२ ते १७ काढलेला मुलगा पहिल्या श्रेणीच्या जर्मन क्लबला पडतो:
४ × १०,००० = ४०,०००
२ × ९०,००० = १,८०,०००
एकूण २,२०,००० युरो.
तिसऱ्या श्रेणीच्या क्लबात हाच मुलगा १,००,००० ला. चौथ्या श्रेणीत भरपाई लागत नाही.

बायर्नला २,२०,००० म्हणजे चिल्लर. पण दुसऱ्या फळीतला क्लब, जो मुलाला खरोखर मैदानावर उतरवेल, तो आकडा बघून दोन पावलं मागे जातो. म्हणून जुन्या क्लबशी संबंध बिघडवून निघू नका. त्यांनी भरपाई सोडली किंवा कमी केली तरच सौदा होतो, अशी वेळ येते.

एकजूट निधी ही वेगळी गोष्ट. करार चालू असताना पुढे कधीही पैसे मोजून आंतरराष्ट्रीय बदली झाली तर रकमेचे ५ टक्के १२ ते २३ वयातल्या सगळ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ च्या दर मोसमाला रकमेचा ०.२५ टक्के, १६ ते २३ ला ०.५ टक्के. पुलिसिक २०१९ मध्ये ६.४ कोटी युरोंना चेल्सीला गेला. त्या सौद्यात बारा-पंधरा वयाचा एकेक मोसम १ लाख ६० हजार युरोंचा होतो. गावातला क्लब यावर नवीन मैदान घालू शकतो. म्हणून मूल कुठल्या मोसमात कुठे नोंदलं होतं याचे कागद सांभाळा. खेळाडू पासपोर्टात (कुठल्या मोसमात कुठल्या क्लबात नोंद होती त्याचा दाखला) एक मोसम कोरा राहिला की त्याचे पैसे कोणाचे यावर भांडण.

---

मिडफिल्ड_मावशी

मुलींसाठी एक ओळ, कारण नेहमीप्रमाणे सगळे मुलांवरच लिहितायत. प्रशिक्षण भरपाई महिला फुटबॉलला लागू नाही. म्हणजे अठरा पूर्ण झालेली मुलगी युरोपियन क्लबला त्या बाजूने मोकळी मिळते. लिंडसी होरान २०१२ मध्ये कॉलेजला न जाता अठराव्या वर्षी थेट पॅरिसच्या पीएसजी क्लबात गेली. कलम १९ मात्र मुलींनाही तेच. लिली योहानेस कुटुंबासोबत लहानपणीच नेदरलँड्सला राहायला गेली, म्हणून अठराच्या आत तिथल्या आयाक्स क्लबकडून खेळू शकली.

---

रेघेवरचा

@हिशेबनीस, मस्त. आता देशनिहाय व्हिसा कोणी लिहील का? सगळे ‘युरोप’ एकच समजतात.

---

हिशेबनीस

अठरानंतर, फक्त अमेरिकन किंवा भारतीय पासपोर्ट धरून:

जर्मनी: बुंडेसलिगात बाहेरच्यांना संख्येची मर्यादा नाही, म्हणूनच अमेरिकन तिथे जास्त दिसतात. पण निवास परवान्यासाठी पगार पेन्शन विम्याच्या कमाल मर्यादेच्या निम्मा हवा. २०२५ ला ती मर्यादा महिना ८,०५० युरो होती, म्हणजे पगार किमान ४,०२५. तरुण संघातल्या मुलाला एरवी याहून कमी मिळतं, त्यामुळे क्लबला खरंच हवा असेल तरच तो हा आकडा भरतो. मी तर याला चाचणीच समजतो.

नेदरलँड्स: पगार लीगच्या सरासरी पगाराच्या किमान १५० टक्के हवा, १८-१९ वयाला ७५ टक्के. त्यामुळे डच क्लब अठराव्या वर्षी घ्यायला बघतात आणि विसावं लागलं की कचरतात.

स्पेन: संघात युनियनबाहेरचे तीनच. ती जागा ब्राझिलियन स्ट्रायकरला जाते, तुमच्या डाव्या बॅकला नाही.

इंग्लंड: ब्रेक्झिटनंतर अठराखालचा परदेशी घेताच येत नाही. अठरानंतर गुणांची पद्धत, १५ गुण हवेत. राष्ट्रीय संघातले सामने, लीगचा दर्जा, खेळलेली मिनिटं. २०२३ पासून गुण न भरणाऱ्या थोड्या खेळाडूंसाठी क्लबांना खास जागा आहेत, पण त्या कोणासाठी खर्चायच्या ते क्लब ठरवतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांनो, ट्रायललाही शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकन पासपोर्टवर १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय. एजंटने ‘परवा या’ म्हटलं आणि व्हिसाची तारीखच मिळाली नाही, म्हणजे ट्रायल हुकली.

---

गुडघेदुखी

कागदांचं झालं, शरीराचं कोणी बोलत नाहीये. बारा ते पंधरात सगळ्यात जास्त मुलं हाडं लांबत असतानाच्या जास्तीच्या भाराने गळतात. टाच दुखते, गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो, आणि बाप म्हणतो ‘थोडं दुखणारच’.

घरात करायची गोष्ट: दर तीन महिन्यांनी उंची मोजा. सकाळीच, अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला, डोक्यावर पुठ्ठ्याचं जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात, खाली पेन्सिलची रेघ, तारीख. संध्याकाळी मोजू नका, दिवसभरात मणका दबून उंची कमी भरते. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर गेलं, म्हणजे वर्षाला आठच्या पुढचा वेग, की वाढीचा झटका सुरू. मुलांत साधारण चौदाच्या आसपास, मुलींत बाराच्या. त्या काळात उड्या आणि पूर्ण वेगाच्या धावा कमी करा, चेंडूचं काम चालू ठेवा. क्लब, शाळा, खासगी कोच आणि शनिवार-रविवारची स्पर्धा, चौघांनी मिळून आठवड्याला किती तास होतात ते एका कागदावर लिहा. चौघांनाही एकमेकांचं माहीत नसतं, तिथेच घोळ आहे.

वॉर्मअपला ‘फिफा ११+’. १५ व्यायाम, २० मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. मधल्या भागातला मांडीमागच्या स्नायूचा व्यायाम मुलं हमखास उरकतात: गुडघ्यावर बसून पुढे झुकताना कमरेत मोडतात. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत रेघ सरळ हवी, नाहीतर काही उपयोग नाही.

एक आणखी. याच काळात मुलाचा खेळ बिघडतो, पाय त्याचे राहत नाहीत. अकॅडमी सोडायचा निर्णय या सहा महिन्यांत घेऊ नका.

---

पहिला_स्पर्श

युरोपियन स्काउट अमेरिकन मुलांबद्दल नेहमी एकच तक्रार करतात: पळतो छान, बघत नाही. चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे बघण्याची सवय. ती अंगणात लागते.

भिंतीपासून ८ ते १० मीटरवर मुलगा, त्याच्या मागे पाच पावलांवर दुसरं कोणीही. आजोबाही चालतील. मुलगा भिंतीवर पास मारतो, मागचा एक किंवा दोन बोटं वर करतो, मुलाने चेंडू परत यायच्या आत मागे बघून आकडा ओरडायचा आणि लांबच्या पायाने, अंग अर्धं वळवून चेंडू घ्यायचा. ९० सेकंद, चार वेळा. चूक कुठे होते? मुलं चेंडू भिंतीवरून उलटल्यावर मागे बघतात. तेव्हा उशीर झालेला असतो. चेंडू भिंतीकडे जात असताना बघायचं. सामन्यात हाच क्षण म्हणजे सोबत्याचा चेंडूला स्पर्श झाला तो.

---

कोकणी_मेवा

व्हिडिओबद्दल? इथे एक जण तीन मिनिटांच्या ‘हायलाइट’चे हजार डॉलर मागतोय.

---

पहिला_स्पर्श

देऊ नका. पहिल्या पडद्यावर जन्ममहिना आणि साल, उंची, कुठला पाय, जागा, पासपोर्ट. पासपोर्ट नाही दिसला तर पुढचं बघतच नाहीत. मग दोन-तीन मिनिटं, संगीत नको. आणि खाली दोन पूर्ण सामन्यांची लिंक, उंचावरून, सगळं मैदान दिसेल अशी. त्यातला एक हरलेला सामना असू द्या. चेंडू गमावल्यावर मुलगा पुढची पाच सेकंदं काय करतो, ते त्यांना बघायचं असतं.

---

फ्रिस्कोकर

एजंट: मुलाला पहिला व्यावसायिक करार करता येईल त्या वयाच्या सहा महिने आधीपर्यंत एजंटने संपर्कच करायचा नाही, आणि नंतरही पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. अल्पवयीनांसाठी त्याने वेगळा अभ्यासक्रम केलेला हवा. करार कमाल दोन वर्षांचा. तेराव्या वर्षी जो ‘एजंट’ कॉफीला बोलावतो तो एकतर नियम मोडतोय किंवा एजंट नाहीये. परवाना फिफाच्या संकेतस्थळावर नावानिशी तपासता येतो.

जायची वेळही बघा. एमएलएसचा मोसम फेब्रुवारी ते डिसेंबर, त्यामुळे मुलं जानेवारीत, दमलेली, तिकडच्या अर्ध्या मोसमात पोचतात. रिकार्डो पेपी जानेवारी २०२२ मध्ये डॅलसहून जर्मनीत, खालच्या लीगमध्ये घसरू नये म्हणून झगडणाऱ्या आउग्सबुर्गला गेला, गोल शून्य. पुढच्या मोसमात नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला उसना गेला, लीगमध्ये १२ गोल, मग तिथलाच मोठा क्लब पीएसव्ही. पोरगा तोच होता. जुलै २०२७ पासून एमएलएस युरोपच्या वेळापत्रकावर येतेय, तेव्हा हे बदलेल.

---

रेघेवरचा

@हिशेबनीस, ते भरपाई सोडल्याचं पत्र तोंडी चालतं का? एका क्लबने ‘काळजी करू नका’ एवढंच म्हटलंय.

---

हिशेबनीस

नाही. क्लबच्या लेटरहेडवर, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीने, मुलाचं पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, कुठल्या मोसमांची भरपाई सोडली ते मोसम आणि तारीख. ‘अमुक क्लबात गेल्यास’ अशी अट आहे का ते नीट वाचा, कारण तो सौदा मोडून दुसऱ्या क्लबात गेलात तर पत्र रद्दी. आणि मागच्या क्लबांकडूनही घ्या. बाराव्या वर्षापासून दोन मोसम खेळवलेला क्लब विसरलात तर तोच नंतर उभा राहतो.